त्यांचे आठ वार, आपले नऊ वार आणि मधलं पॉलिस्टर



गणपती दीड महिन्यावर आलेत आणि आपल्या सगळ्या ग्रुपांवर दरवर्षीचा प्रश्न पुन्हा फिरायला लागलाय. "मुलीसाठी रेडीमेड नऊवारी कुठून मागवू? पैठणी लूक हवा, बजेट तीस पौंड." खाली धडाधड लिंका पडतात, कुणीतरी डिस्काउंट कोड टाकतं, आणि आठ दिवसांत बीस्टनपासून वेस्ट ब्रिजफर्डपर्यंत घरोघरी तीच चकचकीत जांभळी पाकिटं येऊन पडतात.

मी व्यवसायानं सीए आहे. दिवसभर दुसऱ्यांचे खर्च तपासते. त्यामुळे आज जरा स्पष्टच बोलणार आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पटत नसेल त्यांचा वेळ वाचेल. पॉलिस्टरची शिवलेली नऊवारी स्वस्त पडते हा आपला समज हिशेबात टिकत नाही. आणि पैशांपेक्षा मोठं नुकसान असं की, आपण मुलांना कपडा देत नाही, कॉस्च्युम देतो. आणि कॉस्च्युमचं काम कार्यक्रम संपला की संपतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, सहा वर्षांच्या मुलीला येवल्याची अस्सल पैठणी घ्यायची? नाही हो. तेच तर सांगायचंय. रेशीम की पॉलिस्टर हा प्रश्नच चुकीचा आहे.

याच देशात एका समाजाला अगदी हाच प्रश्न पडतो, तो आधी बघू. स्कॉटिश लोक आणि त्यांचा किल्ट. चांगला किल्ट आठ यार्डांचा म्हणतात. यार्ड म्हणजे आपला वार. त्यांचा आठवार, आपली नऊवार, फरक एका वाराचा! लग्न आलं, शाळेत बर्न्स नाइट आली, की तिथल्या आईबापांपुढेही दोन पर्याय असतात. एक लोकरीचा, हातानं शिवलेला, काही शे पौंडांचा. दुसरा पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचा. तो मशीनमध्ये धुता येतो, टोचत नाही, वजनाला हलका आणि किमतीला कितीतरी कमी.

लोकरीच्या बाजूनं बोलणारे काय सांगतात ते नीट ऐकण्यासारखं आहे. १३ ते १६ औंसाची जड लोकर असली की चुण्या वाफेच्या इस्त्रीनं बसतात आणि बसलेल्या राहतात. चालताना मागचा घेर स्वतःच्या वजनानं डुलतो. पट्टे आणि बकलं थोडी सरकवून कंबर कमी-जास्त करता येते. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे, चांगल्या किल्टला खाली दुमड नसते. विणताना तयार झालेला कापडाचा काठच खाली येतो. काठाचं महत्त्व आपल्याला कुणी सांगायला नको!

परंपरा म्हणून लोकर, असं मात्र कुणी म्हणालं तर मला ते फारसं पटत नाही. हायलँडचा पोशाख १७४६ च्या कायद्यानं बंद केला होता, तो कायदा १७८२ मध्ये उठला. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉटनं त्याचा सोहळा आखला, आणि टार्टनची एकदम फॅशन आली. अमुक घराण्याचा अमुक टार्टन ही व्यवस्था बरीचशी त्या एकोणिसाव्या शतकातच पक्की झाली. म्हणजे 'पुरातन' म्हणून जे मिरवलं जातं ते तितकं पुरातन नाही. तरीही लोकरीचा किल्ट आजोबांकडून नातवाकडे जातो. कारण तो जाऊ शकतो. कापड तेवढं टिकतं आणि शिवण उसवून बदलता येते. परंपरा टिकते ती अशी, भाषणं देऊन नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्याला वाटतं, नऊवारी म्हणजे पैठणी, म्हणजे रेशीम, म्हणजे महाग, म्हणून परवडेल ती नक्कल घ्या. या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. पैठणी हे श्रीमंतांचं, राजेरजवाड्यांचं वस्त्र. आपल्या पणज्या शेतात, चुलीपुढे, बाजाराला जाताना जे नेसत होत्या ते सुती लुगडं होतं. त्यात कासोटा घालून त्या भातलावणी करत होत्या. नऊवारीचा खरा वारसा हवाय ना? तो सुताचा आहे. झगमगाट हा मराठीपणाचा पुरावा कधीपासून झाला, ते मला कुणीतरी सांगा.

लहान मुलींना तर कुणी नऊ वार नेसवतच नव्हतं. त्यांना परकर-पोलकं असे, जरा मोठ्या झाल्या की चिरडी, म्हणजे लहान मापाची साडी. आणि परकर शिवताना आया काय करायच्या? खाली दोन-तीन आडव्या दुमडी घालून शिवायच्या. मुलगी वाढली की एक दुमड उसवायची. एकच परकर तीन-चार वर्षं चालायचा. पुन्हा किल्ट आठवा. तिथं बकल सरकवतात, इथं दुमड उसवतात. दोन्ही समाजांना एक गोष्ट माहीत होती, की मूल वाढणार आहे, म्हणून कपड्यात वाढायला जागा ठेवा. रेडीमेड नऊवारीत ही जागाच नसते. वय ७-८ असा टॅग, मागे चेन, कमरेला इलॅस्टिक. पुढच्या वर्षी पोटऱ्या उघड्या.

आता हिशेब. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

पर्याय एक. पॉलिस्टरचा शिवलेला सेट, समजा ३० पौंड. मुलगी पाच ते पंधरा वर्षांची होईपर्यंत निदान सहा सेट लागतील. एक सेट साधारण तीनदा घातला जातो, गणपती, दिवाळी आणि एखादं हळदीकुंकू. एकूण १८० पौंड, १८ वेळा वापर. दर वेळचा खर्च १० पौंड. शेवटी हातात काय उरलं? शून्य. लहान बहीण असेल तर एखाद-दुसरा सेट तिला होईल, पण चेन तुटलेली आणि जर उसवलेली.

पर्याय दोन. वाढवता येतील असे दोन खणाचे परकर-पोलके, ३५ प्रमाणे ७० पौंड. अकराव्या-बाराव्या वर्षी एक न कापलेली सुती नऊवारी, ४० पौंड. मधे लागणारी ब्लाउज-पोलकी तीन, १५ प्रमाणे ४५. एकूण १५५ पौंड. मुलीचा वापर तोच १८ वेळा. पण नऊवारी कापलेली नाही, त्यामुळे ती आईलाही होते, मावशीलाही होते. आईनं दहा वर्षांत फक्त दहादा नेसली तरी वापर २८ वेळा. दर वेळी साडेपाच पौंड. आणि शेवटी साडी कपाटात शिल्लक.

पर्याय तीन. खरी रेशमी साडी, समजा ३०० पौंड. दोन पिढ्यांत चाळीसदा नेसली तर दर वेळी साडेसात. म्हणजे तीही पॉलिस्टरपेक्षा स्वस्तच! पण पहिल्या दिवशी ३०० पौंड सगळ्यांकडे नसतात, म्हणून ती मी सर्वांना सुचवणार नाही.

आमच्या भाषेत, एक महसुली खर्च आणि एक मालमत्ता. दरवर्षी खर्ची पडणारी वस्तू कमी किमतीची आहे म्हणून स्वस्त म्हणायची, ही चूक क्लायंटनं केली तर मी त्याला खाली बसवून समजावते. तुम्हाला का सोडू?

जाता जाता कामाची गोष्ट. भारतातून येताना स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट म्हणून सामानातून आणलेल्या ३९० पौंडांपर्यंतच्या वस्तूंवर ग्रेट ब्रिटनमध्ये कर लागत नाही. येताना आजीच्या बॅगेत चिवड्याशेजारी दोन सुती साड्या मावतात.

पुढचा मुद्दा नावाचा. इथं मला जरा राग येतो.

"सेमी-पैठणी." सेमी म्हणजे अर्धी. अर्धं काय? पैठणीत पदराची नक्षी हातानं, रंगाचा धागा धाग्यात अडकवून विणतात. म्हणून पदर उलटा केला तरी मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत बहुधा मागे सुटे धागे लोंबतात. "आर्ट सिल्क." किती छान वाटतं, जणू कलाकुसरीचं रेशीम. हे आर्ट म्हणजे आर्टिफिशियल हो! कृत्रिम. इथल्या कापडांच्या लेबलांच्या नियमांत तर स्पष्ट आहे की सिल्क हा शब्द फक्त किड्याच्या धाग्याला वापरायचा, लांब चमकदार धागा दिसतो म्हणून दुसऱ्या कशालाही नाही. आणि कपड्यावर कोणता धागा किती टक्के ते लिहायलाच हवं. सुपरमार्केटमधल्या सहा पौंडांच्या टी-शर्टवर ते लिहिलेलं असतं. आपल्या पाकिटांवर "प्युअर सिल्क लूक" एवढंच असतं, आणि आपण विचारतसुद्धा नाही.

पॉलिस्टरवर माझा राग नाही. सुरतेच्या यंत्रमागावरच्या माणसालाही पोट आहे. पॉलिस्टरला पॉलिस्टर म्हणा आणि विका, मी टाळ्या वाजवीन. मला राग आहे तो खोट्या नावाचा आणि ते चालवून घेणाऱ्या आपल्या सवयीचा.

नॉटिंगहॅमकरांनी तरी ही सवय लावून घेऊ नये. कारण याच गावानं एकदा या प्रश्नावर रान उठवलं होतं. मार्च १८११ मध्ये, आपल्या शेजारच्या आर्नल्डमध्ये विणकरांनी माग फोडले. ते पुढे लडाइट म्हणून जगभर बदनाम झाले, यंत्रांचे शत्रू म्हणून. पण यंत्राचं त्यांना वावडं नव्हतं. मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीनं शोधलं असं सांगतात, आणि हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच पोट भरत होते. त्यांचं भांडण घटत्या मजुरीशी होतं, आणि एका विशिष्ट मालाशी. रुंद मागावर सरसकट कापड विणायचं, त्याचे मोज्याच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि शिवून टाकायचे. त्या मोज्यांना विणलेला काठ नसे, म्हणून शिवण उसवली की सगळं सुटत जाई. दिसायला तेच, किंमत कमी, आणि पूर्ण धंद्याचं नाव खराब.

न्यूस्टेड ॲबीचा लॉर्ड बायरन २७ फेब्रुवारी १८१२ ला या विणकरांच्या बाजूनं हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभा राहिला. माग फोडणाऱ्याला फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध तो बोलला. त्या भाषणात त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला फार झोंबते. हा हलका माल देशात खपण्याजोगा नव्हता, तो घाईघाईनं बाहेर पाठवण्यासाठीच बनवला जात होता.

बाहेर पाठवण्यासाठी! मंडळी, आज ते 'बाहेर' आपण आहोत. लांब राहतो, हात लावून बघू शकत नाही, फोटोवर भाळतो, परत पाठवायचा खर्च जास्त म्हणून गप्प बसतो. काठ नसलेला माल खपवायला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? वाटलं तर एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन रडिंग्टनच्या विणकर संग्रहालयात जाऊन या, ते जुने माग बघायला मिळतात.

आता तुमचे आक्षेप. ग्रुपवर ऐकलेले सगळे घेते.

"सुती साडी धुवायची कशी?" मशीनमध्ये, थंड पाण्यात. पहिले एक-दोन वेळा वेगळी धुवा, रंग जातो. बस्स. धुण्याची भीती रेशमाची, ती सुतावर लादू नका.

"पॉलिस्टर निरांजनाजवळ धोक्याचं, हे का नाही लिहिलंस?" कारण मी मुद्दा माझ्या सोयीनं वाकवणार नाही. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं हे खरं. पण सुती कापडही झटकन पेट घेतं. हळू जळतात ती लोकर आणि रेशीम. तेव्हा कापड कोणतंही असो, आरतीच्या वेळी पदर खोचा आणि फुलबाज्यांना जवळ उभे राहा.

"पर्यावरण?" धुताना पॉलिस्टरचे बारीक तंतू पाण्यात जातात, पण वर्षातून तीनदा घातलेल्या साडीनं समुद्र भरणार नाही. रक्कम किरकोळ आहे, मी ताळेबंदात धरत नाही. टाकून दिलेले सहा सेट मात्र धरते.

"सगळ्यांना नाही परवडत." बरोबर. नवीन आलेली कुटुंबं आहेत, विद्यार्थी आहेत, व्हिसाची फी आणि हेल्थ सरचार्ज भरून कंबरडं मोडलेलं असतं. कुणाच्याही मुलीच्या कपड्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. पण मग त्यांच्यासाठी काही करूया ना. ते खाली लिहिते.

"नाचाच्या ग्रुपला, लेझीमला?" घ्या की पॉलिस्टर! वीस मुली, एकसारखा रंग, घाम, दोन तास उड्या. तिथं तेच योग्य. तो कॉस्च्युमच आहे, आणि त्याला कॉस्च्युम म्हणण्यात कमीपणा नाही.

"नेसवता येत नाही." हा खरा आक्षेप. बाकीचे सगळे याच्या आडोशाला उभे असतात.

मराठीत आपण साडी नेसतो आणि फ्रॉक घालतो. दोन वेगळी क्रियापदं आहेत, कारण दोन वेगळ्या क्रिया आहेत. घालायचं ते शिवलेलं असतं, त्याला आकार आधीच दिलेला असतो. नेसायचं ते सपाट कापड असतं, आकार आपण अंगावर देतो. आपली मुलं "साडी घातली" म्हणतात तेव्हा आपण हसतो, दुरुस्त करतो. अहो, ती बरोबर बोलतायत! आपण त्यांना घालायचीच वस्तू दिलीय. त्यांनी नेसणं कधी पाहिलंच नाही, तर शब्द कुठून येणार? मराठी शाळेत शनिवारी क्रियापदं शिकवायची आणि घरी त्या क्रियेलाच चेन लावायची, हे कसं जमणार?

आणि त्या चेननं नेमकं काय वाचवलं? वीस मिनिटं. आजीनं किंवा आत्यानं मुलीला समोर उभं करून, "सरळ उभी राहा गं, श्वास सोड, हा कासोटा असा मागे" म्हणत घालवलेली वीस मिनिटं. आजी पुण्यात, सांगलीत असेल तर व्हिडिओ कॉलवर. पहिल्यांदा सुटेल. दुसऱ्यांदा तिरकी बसेल. चौथ्या रविवारी जमेल. तेवढ्यात आजी सांगेल की तिच्या आईनं लुगडं कसं नेसलं होतं आणि विहिरीवर काय झालं होतं. हे कोणत्या पाकिटात येतं?

मुलांचंही तसंच. चेनवाल्या धोतराऐवजी खरं सुती धोतर आणा आणि बाबांना शिकायला लावा. बाबांनाही येत नसतं, हे ग्रुपवर कुणी बोलत नाही.

आता करायचं काय.

एक. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लिहून विचारा. कोणता धागा किती टक्के? कापड कापलेलं आहे की अखंड? मुलगी वाढल्यावर सोडता येईल अशी शिलाई आत आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे देऊ नका. खणसुद्धा आता पॉलिस्टरचा येतो, गुळेदगुड्डचं नाव सांगून, तेव्हा तोही विचारूनच घ्या.

दोन. रेशीम घेणार असाल तर सिल्क मार्कची खूण बघा. शंका असेल तर आडवा आणि उभा असे दोन्ही धागे काढून सिंकवर, मुलं नसताना, जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही दिशांचे धागे बघा, कारण एकीकडून रेशीम आणि दुसरीकडून पॉलिस्टर अशीही हुशारी चालते.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये ज्यांना किल्ट विकत घ्यायचा नसतो ते लग्नापुरता खुशाल भाड्यानं घेतात. त्यात कुणाला लाज नाही. आपणही एक ट्रंक करूया. प्रत्येक कुटुंबानं न कापलेली एक सुती साडी, एखादं धोतर, लहान झालेला एखादा परकर आणून द्यायचा. ज्याला हवं त्यानं न्यायचं, धुऊन परत आणायचं. पैसे नाहीत, डिपॉझिट नाही. वहीत नोंद फक्त. वही मी ठेवते, तेवढं मला येतं.

आणि गणपतीआधीचे चार रविवार नेसण्याचे ठेवूया. माझ्या घरी, दुपारी दोन ते चार. सुती साड्या तीन आहेत, बैठकीची खोली बऱ्यापैकी मोठी आहे. चहा मी करीन, नेसवायला शिकवणारं कुणी हवंय. ज्यांच्या सासूबाई किंवा आई सध्या इथं आल्यात त्यांनी कमेंटमध्ये हात वर करा. नुसतं "छान पोस्ट" लिहू नका. कोणता रविवार जमेल आणि ट्रंकेत काय घालाल, ते लिहा.